सुमोच्या तालमीतली एक सकाळ

‘सुमो’ हा शब्द भारतात घरोघरी पोहोचला तो कुस्तीमुळे नव्हे, मोटारीमुळे. १९९४ साली टाटांची ‘सुमो’ रस्त्यावर आली आणि लग्नाच्या वऱ्हाडापासून देवदर्शनाच्या सहलीपर्यंत सगळीकडे दिसू लागली. तिचा ऐसपैस आकार पाहून पुष्कळांनी मनाशी ठरवूनच टाकले, की जपानच्या त्या अगडबंब मल्लांवरूनच हे नाव ठेवले असणार! वास्तविक ते नाव टेल्कोच्या उभारणीत आयुष्य वेचलेल्या सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून घेतलेले. २०१९ साली त्या गाडीचे उत्पादन थांबले. गैरसमज मात्र अजून धावतो आहे.

खुद्द जपानी सुमोविषयीचा गैरसमज याहून मोठा. दोन लठ्ठ माणसे, कमरेला पट्टा, एकमेकांवर आदळणार आणि क्षणात एक जण बाहेर. एवढे पाहून प्रेक्षक हसतो, आणि ‘यात कसला आलाय खेळ?’ असे म्हणून वाहिनी बदलतो. त्याचा फारसा दोष नाही. कारण सुमोची लढत बहुधा काही सेकंदांत संपते. त्या काही सेकंदांसाठी जे आयुष्य खर्ची पडते, ते दूरचित्रवाणीवर दिसत नाही. ते पाहायचे तर भल्या पहाटे उठून तोक्योच्या एखाद्या गल्लीत जावे लागते.

गल्लीतली तालीम

तोक्यो शहराच्या पूर्वेला, सुमिदा नदीच्या काठी र्‍योगोकु नावाची वस्ती आहे. सुमोची पंढरी म्हणावी अशी ही जागा. येथल्या एकोइन मंदिराच्या आवारात एकोणिसाव्या शतकात सुमोच्या स्पर्धा भरत. आज स्टेशनाला लागूनच कोकुगिकान हे सुमारे अकरा हजार प्रेक्षकांचे भव्य क्रीडागृह उभे आहे. ते १९८५ च्या जानेवारीत सुरू झाले. वर्षाकाठी सहा मोठ्या स्पर्धा होतात, प्रत्येक पंधरा दिवसांची. त्यांपैकी जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या येथे. मार्चची ओसाकाला, जुलैची नागोयाला आणि नोव्हेंबरची फुकुओकाला.

मल्ल ज्या घरात राहतात, जेवतात, झोपतात आणि सराव करतात त्याला ‘हेया’ म्हणतात. शब्दाचा अर्थ साधा, ‘खोली’. पण कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला ती पाहताक्षणी दुसराच शब्द सुचेल : तालीम! अशा चाळीसहून अधिक तालमी आज आहेत आणि त्यांत मिळून सुमारे सहाशे मल्ल आहेत. पुष्कळ तालमी र्‍योगोकुच्या आसपास, काही दूरच्या उपनगरांत. बाहेरून पाहिले तर तीन-चार मजल्यांची साधी इमारत. शेजारी वाण्याचे दुकान, समोर सायकली. दारावरची लाकडी पाटी वाचता आली नाही, तर आत दीडशे किलोची माणसे झोपली आहेत याची शंकाही येणार नाही.

पाहुण्याला आत प्रवेश मिळतो, पण त्याच्या अटी आहेत. आधी कळवावे लागते. जपानी बोलणारे कुणी सोबत असावे असा अनेक ठिकाणी आग्रह असतो. हामाचो भागातल्या अराशिओ तालमीला रस्त्याच्या बाजूने मोठी काचेची खिडकी आहे. तेथे फुटपाथवर उभे राहूनही सराव पाहता येतो. इतरत्र मात्र पादत्राणे काढून, टोपी उतरवून, आखाड्याच्या कडेच्या उंच लाकडी ओट्यावर बसायचे. पाहुण्यांसाठी चौकोनी गाद्या मांडलेल्या असतात. बोलायचे नाही. खायचे नाही. मध्येच उठून जायचे नाही. पाय अवघडले तरी ते आखाड्याच्या दिशेने पसरायचे नाहीत, कारण तळपाय दाखवणे हा त्या मातीचा अपमान. दोन-तीन तास मांडी घालून बसणे सोफ्याची सवय झालेल्यांना जड जाते. पण समोर जे चालले असते ते पाहिल्यावर आपल्या गुडघ्यांची तक्रार करण्याची लाज वाटू लागते.

मातीशी ओळख

सरावाचा आखाडा म्हणजे घट्ट चोपलेली माती. तिच्यात भाताच्या पेंढ्याच्या छोट्या मुडी अर्धवट पुरून एक वर्तुळ केलेले असते. त्याचा व्यास ४.५५ मीटर. याला ‘दोह्यो’ म्हणतात. वर भिंतीवर छोटा देव्हारा. एका कोपऱ्यात लाकडाचा जाडजूड खांब, तळव्यांच्या माराने गुळगुळीत झालेला. भिंतीवर ओळीने लाकडी पाट्या, त्यांवर तालमीतल्या मल्लांची नावे, मानाच्या क्रमाने.

सर्वांत आधी उठतात ती सर्वांत लहान मुले. पहाटे पाचच्या सुमारास, पोटात अन्नाचा कण नसताना. सकाळचा सराव उपाशीपोटीच करायचा हा येथला नियम. पंधरा-सोळा वर्षांची ही मुले काळे लंगोट नेसून गोलात उभी राहतात आणि ‘शिको’ सुरू होतो. एक पाय बाजूला उंच न्यायचा, क्षणभर तोल सांभाळायचा आणि तो जमिनीवर आपटून खाली बसायचे. मग दुसरा पाय. जुन्या समजुतीप्रमाणे या दणक्याने जमिनीतली पीडा पळून जाते. पीडा पळो न पळो, मांड्या मात्र पेटतात. एक जण आकडे मोजतो, बाकीचे साथ देतात. पन्नास, शंभर, दोनशे... आपल्याकडच्या जोर-बैठकांचे सख्खे भावंडच म्हणा ना.

मग पाय मातीवरून न उचलता, घासत घासत पुढे सरकायचा अभ्यास. मग कोपऱ्यातल्या खांबाला उघड्या तळव्यांनी एकामागून एक थापा. याला ‘तेप्पो’ म्हणतात. आणि मग ते ‘मातावारी’. दोन्ही पाय दोन बाजूंना सरळ फाकवून बसायचे आणि छाती पुढे मातीला टेकवायची. नव्या मुलाला हे जमत नाही. त्याच्या पाठीवर वजन देऊन त्याला वाकवले जाते. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही. १९६४ साली हवाई बेटांवरून आलेला ताकामियामा हा पुढे १९७२ मध्ये अव्वल विभागातली स्पर्धा जिंकणारा पहिला परदेशी मल्ल ठरला. सुरुवातीच्या दिवसांत कळ सोसताना त्याचे डोळे भरून येत. हे अश्रू नव्हेत, डोळ्यांना आलेला घाम आहे, असे तो म्हणे अशी आठवण सांगितली जाते.

काळा लंगोट, पांढरा लंगोट

आठच्या सुमाराला दार सरकते आणि हवा एकदम बदलते. आत येतो तो पांढऱ्या जाड कापडाचा लंगोट नेसलेला मल्ल. कोवळी मुले झटकन बाजूला होतात, मान लववतात. कुणी पाण्याचा डाव पुढे करतो, कुणी पंचा. हा ‘सेकितोरी’.

सुमोच्या सहा पायऱ्या आहेत. खालच्या चार पायऱ्यांवर असलेला प्रत्येक जण सरावात काळा लंगोट नेसतो. वरच्या दोन पायऱ्यांवर मिळून जागा फक्त सत्तर. म्हणजे सहाशेंतून सत्तर, साधारण नऊ जणांत एक. पाचवी पायरी चढली, की महिन्याला अकरा लाख येन पगार सुरू होतो. सर्वोच्च ‘योकोझुना’ला तीस लाख. त्या पायरीच्या एक बोट खाली असलेल्याला? पगार नाही. तालमीत राहणे-जेवणे आणि स्पर्धेच्या वेळचा भत्ता, एवढेच. चौथ्या पायरीवरचा तिशीचा माणूस आणि पाचव्या पायरीवरचा विशीचा पोरगा यांच्यात वयाचा मान चालत नाही. तिशीचा माणूस विशीतल्याची पाठ चोळतो, सामान उचलतो, निरोप पोहोचवतो.

कपड्यांतही तोच हिशेब. सर्वांत खालच्या दोन पायऱ्यांवरच्या मुलांनी कडाक्याच्या थंडीतही पातळ सुती युकाता घालायचा आणि पायात लाकडी खडावा. तिसऱ्या पायरीवर चपला मिळतात, चौथ्या पायरीवर कोट आणि मफलर. स्पर्धेआधी निघणाऱ्या क्रमवारीच्या पत्रकात योकोझुनाचे नाव ठसठशीत अक्षरात असते आणि खाली उतरत जाल तशी अक्षरे बारीक होत जातात. अगदी शेवटच्या नावांना गमतीने ‘भिंगाची नावे’ म्हणतात, कारण ती वाचायला भिंग लागते. पण कुठल्यातरी खेड्यात एखादी आजी ते भिंग घेऊन नातवाचे नाव शोधत बसत असेल, यात शंका नाही.

आईबापांची परीक्षा

सुमोत यायला जपानमधले सक्तीचे शिक्षण पूर्ण झालेले असावे लागते, म्हणजे वय साधारण पंधरा. मार्चच्या स्पर्धेच्या वेळी सर्वाधिक मुले दाखल होतात, कारण तेव्हा शाळेचे वर्ष संपते. दहावीच्या वयाचे पोर घर सोडून कायमचे तालमीत जाते. तेथे तालमीचा प्रमुख ‘ओयाकाता’ त्याचा बाप आणि ओयाकाताची पत्नी ‘ओकामिसान’ त्याची आई.

हे नाते किती कठोर असू शकते, याचे उदाहरण जपानमध्ये सर्वांना ठाऊक आहे. १९८८ साली दोन सख्खे भाऊ सुमोत आले. त्यांचे वडील स्वतः नामवंत मल्ल, निवृत्तीनंतर तालमीचे प्रमुख झालेले. आई पूर्वीची अभिनेत्री. कुटुंब तालमीच्याच इमारतीत राहत होते. मुलांनी आपले अंथरूण-सामान उचलले आणि वरच्या मजल्यावरच्या घरातून ते खालच्या मजल्यावर, इतर पोरांच्या सामायिक खोलीत राहायला गेले. काही पायऱ्यांचे ते अंतर! पण त्या दिवसापासून बाबांना ‘बाबा’ म्हणायचे नाही, ‘ओयाकाता’ म्हणायचे. आईला ‘आई’ म्हणायचे नाही, ‘ओकामिसान’ म्हणायचे. पुढे धाकटा ताकानोहाना १९९४ मध्ये आणि थोरला वाकानोहाना १९९८ मध्ये, असे दोघेही योकोझुना झाले. सुमोच्या इतिहासात दोन भाऊ योकोझुना होण्याची ही पहिलीच वेळ. साऱ्या देशाने कौतुक केले. एकाच छपराखाली राहून मुलांची हाक गमावलेल्या त्या आईला काय वाटले असेल, हे मात्र कुठल्याही क्रमवारीच्या पत्रकात छापून आलेले नाही.

माया की मार?

सकाळ वर येते तसा सराव तापतो. ‘मोशिआई’ सुरू होते. जो जिंकेल तो वर्तुळात उभा राहतो. पुढचा प्रतिस्पर्धी त्याने निवडायचा. लढत संपली रे संपली, की कडेचे सगळे जण ओरडत त्याच्याकडे धावतात : मला घे, मला! तो एकाला निवडतो, बाकीचे मागे हटतात. येथे कुणाला पाळी लावून संधी मिळत नाही. जो मागतो त्याला मिळते. लाजून कडेला उभा राहिलेला मुलगा सगळी सकाळ कडेलाच राहतो. ओयाकाता उंच ओट्यावर बसून पाहतो. तो फारसे बोलत नाही. एखादाच शब्द : ‘खाली!’, ‘पाय!’

आणि शेवटी येते ते ‘बुत्सुकारी’. ज्येष्ठ मल्ल छाती पुढे करून उभा राहतो. याला जपानीत ‘छाती उसनी देणे’ म्हणतात. धाकट्याने धावत येऊन त्या छातीवर आदळायचे आणि त्या डोंगराला ढकलत वर्तुळाच्या पलीकडे न्यायचे. नेता आले नाही, तर ज्येष्ठ त्याला मातीत लोळवतो. उठ. पुन्हा ये. पुन्हा लोळवतो. पाच-सहा वेळा झाल्यावर मुलाच्या अंगाला माती इतकी चिकटते, की कातडी दिसत नाही. श्वास भात्यासारखा चालतो. गुडघे थरथरतात. तो उठू शकत नाही असे वाटते, आणि तो उठतो. सरावानंतर तो धापा टाकत त्याच ज्येष्ठापाशी जातो, त्याला पाणी देतो आणि आभार मानतो.

पाहणाऱ्याच्या घशात काहीतरी अडकते. हे काय पाहिले? जिद्द की छळ?

सुमोच्या बोलीत या अतिकठोर सरावाला एक शब्द आहे : ‘कावाइगारी’. त्याचा शब्दशः अर्थ लाड करणे, माया करणे! ज्याच्यावर अधिक माया, त्याला अधिक लोळवायचे. आपल्याकडेही मारल्याशिवाय पोर घडत नाही असे मानणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या, त्यामुळे हा शब्द समजायला जड नाही. पण त्याच्या आड काय लपू शकते हे २००७ साली जपानला कळले. त्या वर्षीच्या जून महिन्यात, नागोयाच्या स्पर्धेच्या तयारीसाठी गेलेल्या एका तालमीत १७ वर्षांचा मुलगा मरण पावला. तो काही महिन्यांपूर्वीच दाखल झाला होता आणि पळून जाण्याचा प्रयत्नही त्याने केला होता. आधी मृत्यूचे कारण हृदयविकार सांगितले गेले. घरच्यांनी मुलाचे शरीर पाहिले आणि शवविच्छेदनाचा आग्रह धरला. तेव्हा सत्य बाहेर आले. त्याला बाटलीने आणि बॅटने मारहाण झाली होती आणि मग ‘सरावा’च्या नावाखाली दमेपर्यंत लोळवले होते. तालमीच्या प्रमुखाला संघटनेने काढून टाकले आणि न्यायालयाने तुरुंगात पाठवले.

त्या बापाने आग्रह धरला नसता तर? ‘मुलाची प्रकृतीच नाजूक होती’ म्हणून फाइल बंद झाली असती. मुलाला गुरूच्या हवाली करणाऱ्या प्रत्येक आईबापाने हा प्रसंग लक्षात ठेवावा असा आहे. विश्वास टाकणे वेगळे आणि डोळे मिटणे वेगळे.

त्यानंतर सगळे सुधारले असे नाही. २०१७ मध्ये एका योकोझुनाने मेजवानीत धाकट्या मल्लाला मारहाण केली आणि त्याला निवृत्त व्हावे लागले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सुमो संघटनेने हिंसाचाराला कायमची रजा देण्याची जाहीर घोषणा केली. २०२४ मध्ये तब्बल ४५ स्पर्धा जिंकलेल्या हाकुहोची तालीम बंद करण्यात आली, कारण त्याच्या शिष्याने धाकट्यांना मारहाण केल्याचे उघडकीला आले होते. एकेकाळी ओयाकाताच्या हातात बांबूची तलवार असे. आज पाहुण्यांच्या रांगेत बसलेल्या माणसाला ती दिसत नाही. पण माया आणि मार यांच्यातली रेघ वर्तुळासारखी मातीत पेंढ्याने आखून ठेवता येत नाही. ती रोज सकाळी, प्रत्येक ज्येष्ठाला स्वतःच्या मनात आखावी लागते.

वर्तुळाबाहेरची बाई

सकाळचा सराव पाहायला स्त्रिया येतात, ओट्यावर बसतात. पण त्या वर्तुळात कुणीही स्त्री पाऊल ठेवू शकत नाही. मुलांचे आजारपण, घरच्यांची पत्रे, पाहुणे, आश्रयदाते, समारंभ हे सारे सांभाळणारी ओकामिसानही नाही. तालमीचे घरपण जिच्यामुळे टिकते, तिला तालमीची माती वर्ज्य! आपल्याकडच्या जुन्या तालमींतही बायकांना मज्जाव असे, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

२०१८ च्या एप्रिलमध्ये माइझुरु गावात सुमोचा दौरा असताना आखाड्यावर भाषण करणारे नगराध्यक्ष अचानक कोसळले. प्रेक्षकांतून काही स्त्रिया धावल्या, त्यांतल्या एकीने छातीवर दाब देऊन प्राण वाचवण्याची धडपड सुरू केली. आणि ध्वनिवर्धकावरून सूचना आली, की स्त्रियांनी आखाड्यावरून खाली उतरावे! देशभर संताप उसळला. संघटनेच्या अध्यक्षांनी माफी मागितली. नगराध्यक्ष वाचले. नियम मात्र तसाच राहिला.

व्यावसायिक सुमोचे दार बंद असले, तरी हौशी सुमोत स्त्रियांच्या स्पर्धा १९९० च्या दशकापासून होत आहेत. आणि त्यांत मुंबईचेही एक नाव आहे. हेतल दवे या मुंबईकर मुलीने भारताची पहिली महिला सुमोपटू म्हणून २००९ साली तैवानमधल्या जागतिक क्रीडास्पर्धेत भाग घेतला. तिच्या वाटचालीवर बेतलेला ‘सुमो दीदी’ हा हिंदी चित्रपट २०२३ साली तोक्योच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. ज्या शहरातल्या आखाड्यावर स्त्रीला पाय ठेवता येत नाही, त्याच शहराने ती गोष्ट पडद्यावर पाहिली.

एकाच पातेल्याभोवती

साडेदहा-अकराला सराव संपतो. धाकटी मुले खराट्याने आखाडा झाडून काढतात. मधोमध मातीचा छोटा ढीग रचतात आणि त्यात पांढऱ्या कागदाच्या घड्यांची पवित्र काठी खोचतात. आता दुसऱ्या पहाटेपर्यंत तेथे कुणी पाय ठेवायचा नाही.

तोवर आतून वास येऊ लागलेला असतो. मोठ्या पातेल्यात ‘चांकोनाबे’ शिजत असते. रस्सा, कोबी, मुळा, कांद्याची पात, अळंबी, टोफू आणि कोंबडी किंवा मासे. कोंबडीला विशेष मान, आणि त्याचे कारण मोठे गोड आहे. सुमोत पायाखेरीज शरीराचा दुसरा कुठलाही भाग मातीला टेकला, की हार. कोंबडी दोन पायांवर उभी असते. गाय-डुक्कर चार पायांवर, म्हणजे आधीच ‘हात टेकलेले’! आता सगळेच मांस खाल्ले जाते, पण स्पर्धेच्या दिवसांत ही समजूत अजून जपली जाते. स्वयंपाक बायका करत नाहीत, मल्लच पाळीपाळीने करतात. पंधरा वर्षांच्या मुलाला कांदा कसा चिरायचा हे वीस वर्षांचा मुलगा शिकवतो.

जेवायला बसायचाही क्रम ठरलेला. आधी ओयाकाता, पाहुणे आणि सेकितोरी. मग इतर, पायरीप्रमाणे. पहाटे पाचला उठलेला मुलगा सर्वांत शेवटी बसतो, तोवर तो मागे उभा राहून वाढत असतो. पातेल्यात तळाला जे उरले असेल ते त्याचे. मग भात, पुन्हा भात. आणि जेवून लगेच झोप. उपाशीपोटी व्यायाम, भरपेट जेवण आणि त्यावर झोप, या त्रिसूत्रीने वजन वाढते. पण त्याची किंमतही शरीर वसूल करते. गुडघे जातात, मधुमेह गाठतो. निवृत्तीनंतर वजन उतरवणे ही पुष्कळांची दुसरी लढत असते, आणि ती काही सेकंदांत संपत नाही.

जे परत जातात

हार-जीत वगळता सुमोत सर्वांच्या डोक्यावर एक सारखी गोष्ट असते : केसांचा बुचडा, सुगंधी तेलाने चोपडलेला. तालमीचा खास केशकार तो बांधतो. र्‍योगोकुच्या रस्त्यावरून मल्ल सायकलवर गेला, तर आधी तो गोडसर वास येतो. मल्ल निवृत्त झाला, की तो बुचडा कापला जातो. मोठ्या मल्लाचा हा सोहळा कोकुगिकानमध्ये हजारो लोकांसमोर होतो. आप्त-मित्र एकेक जण सोनेरी कात्रीने काही केस कापतात आणि शेवटचा घाव ओयाकाता घालतो. त्या वेळी भलेभले मल्ल मुलासारखे रडतात.

पण सहाशेंतले बहुसंख्य असे भव्य सोहळे न होताच घरी जातात. कुणी वर्षभरात, कुणी दहा वर्षांनी. कुणी तालमीत शिकलेल्या चांकोनाबेची खानावळ काढतो, कुणी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत नोकरी धरतो. आजाऱ्याला अलगद उचलणारे हात तेथे हवेच असतात. १९९२ च्या मार्चमध्ये, त्या दोन भावांच्या लोकप्रियतेच्या लाटेत, एका स्पर्धेला १६० नवी मुले दाखल झाली होती. आता साऱ्या वर्षाची बेरीजही शंभरी गाठत नाही. पूर्वी १६७ सेंटीमीटर उंची आणि ६७ किलो वजनाची अट होती; २०२३ मध्ये तीही शिथिल करावी लागली. मंगोलियासारख्या देशांतून मुले येतात, पण एका तालमीत परदेशी एकच, असा नियम आहे. जपानी घरांत मुले कमी झाली आणि आईबापांना आता प्रश्न विचारावेसे वाटतात. हे वाईटच झाले असे कोण म्हणेल?

एवढे असूनही दरवर्षी काही मुले येतातच. नऊतल्या आठांना पांढरा लंगोट मिळणार नाही, हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही. ते भिंतीवरच्या पाट्यांवर लिहिलेले असते. मग ती का उठतात पहाटे पाचला? कीर्तीसाठी, पैशासाठी, गावाकडच्या आजीच्या भिंगासाठी. पण सकाळभर ओट्यावर बसून पाहिलेल्या माणसाच्या मनात याहून साधे उत्तर रेंगाळते. बुत्सुकारीत सहाव्यांदा मातीत पडलेला मुलगा सातव्यांदा उठतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांत योकोझुनापदाचे स्वप्न नसते. समोर उसनी दिलेली एक छाती असते, आणि ती काल जेवढी हलली त्याहून आज वीतभर अधिक हलवायची असते. ती हलली तर ज्येष्ठ मल्ल त्याच्या पाठीवर थाप मारतो, तीही इतकी हलकी, की माती झटकल्यासारखी वाटावी.

ती थाप आणि तो मार यांतला फरक ज्या तालमीला कळतो, तेथे आपले पोर पाठवायला हरकत नाही. आखाडा जपानचा असो, कोल्हापूरचा असो, की घरातल्या अभ्यासाच्या टेबलाचा.